देवमासे आणि माणूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवमाशांबद्दल येणारे प्रश्न फिरून फिरून त्याच चार वळणांवर येतात: शिकार, प्लास्टिक, ‘उलटी’ आणि किनाऱ्यावर वाहून आलेलं धूड. तेच उत्तर दहा वेळा लिहिण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी मांडलं आहे. बहुतेकांच्या डोळ्यासमोर अजून भाला फेकणारा शिकारीच असतो. तो पूर्णपणे गेलेला नाही, पण आज देवमाशांना मारणारे बहुतेक लोक त्यांना मारायला निघालेले नसतात. ते खेकडे पकडत असतात, कंटेनर वाहून नेत असतात, समुद्राखाली तेल शोधत असतात. खालची बरीच उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

१. देवमासा हा मासा आहे की नाही?

नाही. घोळ नावाने केला आहे. देवमासा फुफ्फुसाने श्वास घेतो, पिल्लाला जन्म देतो, दूध पाजतो. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, देवमाशाची आडवी असते आणि वर-खाली हलते. एवढ्यावरूनही फरक ओळखता येतो.

हा फरक केवळ पाठ्यपुस्तकातला नाही. श्वासासाठी वर यावंच लागतं, म्हणून जाळ्यात अडकलेला देवमासा पाण्यातच गुदमरून मरतो. एका वेळी एकच पिल्लू होतं आणि दोन पिल्लांत काही वर्षांचं अंतर असतं, म्हणून घटलेली संख्या भरून यायला पिढ्या जातात. मासे लाखो अंडी घालतात, त्यामुळे मासेमारीचे हिशेब देवमाशांना लावता येत नाहीत.

देवमाशांचे दोन मोठे गट आहेत. एका गटाच्या तोंडात दातांऐवजी झालरीसारख्या पट्ट्या असतात. त्यांना बॅलीन म्हणतात आणि त्यांतून हे प्राणी पाणी गाळून क्रिल (कोळंबीसारखे इवले जीव) किंवा छोटे मासे खातात. निळा देवमासा, हंपबॅक आणि राइट व्हेल या गटातले. दुसरा गट दात असलेल्यांचा: स्पर्म व्हेल, ओर्का, आणि हो, डॉल्फिनसुद्धा.

२. जगात आता किती देवमासे उरले आहेत?

एकच आकडा मागणं म्हणजे जगात पक्षी किती असं विचारण्यासारखं आहे. एकूण ९०च्या आसपास जाती आहेत आणि त्यांची परिस्थिती एकमेकींशी अजिबात जुळत नाही. मिंक व्हेल आजही लाखांत आहेत. निळे देवमासे जगभरात १० ते २५ हजार असावेत असा अंदाज आहे. अंटार्क्टिकाभोवतीचे निळे देवमासे दोन लाखांहून अधिक होते, ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला काही शेंवर आले होते.

उत्तर अटलांटिकमधले राइट व्हेल चारशेहून कमी आहेत आणि त्यांत पिल्लं देणाऱ्या माद्या ७०च्या आसपास. मेक्सिकोच्या आखातातला राइस व्हेल ही स्वतंत्र जात आहे हे २०२१ मध्ये ठरलं. तोवर तिची संख्या जेमतेम ५०च्या घरात आलेली होती. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्निया आखातातला वाकीटा हा देवमाशांचा सर्वात चिमुकला भाऊबंद, तो दहाच्या आसपास उरला आहे. चीनच्या यांगत्से नदीतल्या बायजी डॉल्फिनचा २००६ मध्ये कसून शोध घेतला गेला, तेव्हा एकही सापडला नाही.

३. इतकी प्रचंड शिकार नेमकी कशासाठी झाली?

तेलासाठी. मांस बहुतेक काळ दुय्यमच होतं. देवमाशाच्या चरबीचं तेल दिव्यांत जळलं, यंत्रांना लागलं, साबणात गेलं, विसाव्या शतकात मार्गारिनमध्ये गेलं आणि त्यातलं ग्लिसरीन स्फोटकांतही गेलं. बॅलीनच्या लवचीक पट्ट्यांचे कॉर्सेट आणि छत्र्यांच्या काड्या झाल्या.

युरोपात बास्क लोक अकराव्या शतकापासून शिकार करत होते. राइट व्हेल हे नावही शिकाऱ्यांच्याच भाषेतलं मानतात: मारायला ‘योग्य’ देवमासा. तो संथ पोहतो, किनाऱ्याजवळ राहतो आणि मेल्यावर बुडत नाही. निळा आणि फिन व्हेल मात्र वेगामुळे बरीच शतकं वाचले. १८६०च्या दशकात नॉर्वेच्या स्वेन फॉयनने स्फोटक टोकाचा, तोफेतून सुटणारा भाला आणि वाफेची बोट यांची जोडी जमवली आणि ते कवच संपलं. १९२५ मध्ये मागच्या बाजूने उतार असलेलं कारखाना-जहाज आलं. मारलेला देवमासा थेट डेकवर ओढून भर समुद्रातच उकळता येऊ लागला. १९३०-३१च्या एकाच हंगामात सुमारे २९,००० निळे देवमासे मारले गेले. संपूर्ण विसाव्या शतकाचा आकडा सर्व मोठ्या जाती मिळून सुमारे २९ लाख आहे.

नियम नव्हते असं नाही. १९४६ मध्ये वॉशिंग्टनला करार झाला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग उभा राहिला. पण या आयोगाचा कोटा बरीच वर्षं ‘निळा देवमासा एकक’ या मापात मोजला जायचा: एक निळा म्हणजे दोन फिन, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई व्हेल. कोणती जात किती उरली आहे याचा या हिशेबाशी संबंधच नव्हता, तेल किती निघेल याचा होता. निळे सापडेनासे झाले की जहाजं फिनकडे वळायची, फिन संपत आले की सेईकडे. हे माप १९७२ मध्ये बंद झालं. मला विचाराल तर भाल्याइतकंच नुकसान या हिशेबाच्या वहीने केलं.

त्यात वह्याही खोट्या होत्या. सोव्हिएत ताफ्यांनी काही दशकांत सुमारे १ लाख ८० हजार देवमासे नोंद न करता मारले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९३ मध्ये, अलेक्सेई याब्लोकोव्ह या रशियन जीवशास्त्रज्ञाने हे उघड केलं.

४. रॉकेल आलं आणि देवमासे वाचले, हे खरं ना?

ऐकायला छान वाटतं, पण तारखा जुळत नाहीत. खनिज तेलाचा उद्योग १८५९ नंतर वाढला आणि दिव्यांसाठी लागणारं देवमाशाचं तेल मागे पडलं, इथवर खरं. पण सर्वात मोठी कत्तल त्यानंतरची, विसाव्या शतकातली आहे (आकडे प्रश्न ३ मध्ये). खनिज तेलावर चालणारी वेगवान जहाजं नसती तर अंटार्क्टिकापर्यंतची ती शिकार शक्यच झाली नसती. पर्याय सापडला म्हणून जुनी गोष्ट आपोआप सुटते, या समजुतीला हे चांगलं प्रतिउदाहरण आहे.

५. शिकारीवर बंदी आहे ना? मग अजून कोण मारतं?

व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगात (प्रश्न ३) १९८२ मध्ये २५ विरुद्ध ७ मतांनी झाला आणि १९८५-८६च्या हंगामापासून लागू झाला. मात्र करारात हरकतीची पळवाट होती. नॉर्वेने हरकत नोंदवली आणि १९९३ पासून पुन्हा उघडपणे व्यापारी शिकार सुरू केली. आइसलँड आयोगातून बाहेर पडला, २००२ मध्ये राखीव अट घालून परत आला आणि २००६ मध्ये शिकारीकडे वळला.

जपानची कथा वेगळी. करारात संशोधनासाठी परवाना देण्याची तरतूद आहे. तिचा आधार घेऊन जपान १९८७ पासून अंटार्क्टिकात ‘वैज्ञानिक’ शिकार करत होता आणि ते मांस बाजारात विकलं जात होतं. ऑस्ट्रेलियाने हा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला. ३१ मार्च २०१४ रोजी न्यायालयाने सांगितलं की तो कार्यक्रम संशोधनासाठी होता असं म्हणता येत नाही. २०१९ मध्ये जपान आयोगातूनच बाहेर पडला आणि स्वतःच्या सागरी हद्दीत उघड व्यापारी शिकार करू लागला. २०२४ मध्ये त्यात फिन व्हेलचीही भर पडली.

गंमत अशी, की बाहेर पडल्यामुळे अंटार्क्टिकातली शिकार थांबली. संरक्षणवाद्यांना हे यश मानायचं की अपयश, यावर अजून एकमत नाही.

फेरो बेटांवर पायलट व्हेल आणि डॉल्फिन किनाऱ्याशी हाकून मारतात. सप्टेंबर २०२१ मध्ये एकाच दिवशी १,४०० हून जास्त डॉल्फिन मारले गेले, तेव्हा त्या बेटांवरही नाराजी उमटली. छोट्या जाती आयोगाच्या कक्षेत येतात की नाही यावरच देशांमध्ये मतभेद आहेत, त्यामुळे ही बंदी तिथे पोहोचत नाही.

६. मग आर्क्टिकमधल्या आदिवासींना परवानगी कशी?

अलास्का, रशियाचा चुकोत्का प्रदेश, ग्रीनलंड आणि कॅरिबियनमधलं बेक्विया बेट इथल्या समुदायांना निर्वाहासाठी मर्यादित कोटा मिळतो. तो संख्येचा अभ्यास करून ठरतो. अलास्काच्या बोहेड देवमाशांची संख्या ही शिकार चालू असताना वाढली आहे. जे समुदाय शतकानुशतकं थोडं मारून खात आले आणि ज्यांनी कारखाना-जहाजं पाठवली, त्यांना एका तराजूत तोलणं मला पटत नाही.

७. आज सर्वात मोठा धोका कोणता?

सगळ्या जाती मिळून विचार केला तर मासेमारीची जाळी. बहुधा कुणालाच नको असलेली ही ‘पकड’ दरवर्षी सुमारे ३ लाख देवमासे, डॉल्फिन आणि पोरपॉइज (डॉल्फिनसारखे छोटे प्राणी) मारते असा अंदाज आहे. यातले बहुसंख्य लहान जातींचे असतात आणि गिलनेट नावाच्या, पाण्यात पडद्यासारख्या उभ्या राहणाऱ्या जाळ्यांत सापडतात. वाकीटाला कुणी पकडत नाही. त्याच्याच आखातात टोटोआबा मासा मिळतो, त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला चीनमध्ये प्रचंड भाव आहे आणि त्या माशासाठी चोरून लावलेल्या जाळ्यांत वाकीटा मरतो.

मोठ्या जातींसाठी दोर (प्रश्न ८) आणि जहाजं (प्रश्न ९) अधिक घातक ठरतात. म्हणजे उत्तर जातीनुसार बदलतं, आणि उपायही.

८. चाळीस टनांचा प्राणी एका दोरीला का घाबरेल? तोडून टाकणार नाही का?

दोर पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. खेकडे आणि लॉबस्टर पकडायचे पिंजरे तळाशी असतात आणि तिथून वरच्या तरंगत्या खुणेपर्यंत उभा दोर जातो. १९९०च्या दशकापासून हे दोर जास्त मजबूत झाले. तोंड उघडून खात चाललेल्या राइट व्हेलच्या बॅलीनमध्ये दोर अडकतो, तो गरगरा वळतो आणि दोर परांना व शेपटीला आवळत जातो. पुढे तो महिनोन् महिने पिंजऱ्यांचं ओझं ओढत फिरतो. पोहायला जास्त ताकद लागते, खाणं कमी होतं, दोर मांसात रुततो. उत्तर अटलांटिकमधल्या ८० टक्क्यांहून अधिक राइट व्हेलच्या अंगावर अशा अडकण्याचे व्रण आहेत, अनेकांच्या अंगावर एकाहून जास्त वेळचे.

सुटलेल्या माद्याही पूर्वीसारख्या राहत नाहीत. पूर्वी साधारण तीन वर्षांनी एक पिल्लू व्हायचं, आता मधलं अंतर सहा ते दहा वर्षांवर गेलं आहे. मेलेले मोजता येतात. जन्मालाच न आलेले कोण मोजणार?

उपाय आहेत. ठरावीक ताणाला तुटणारे कमजोर दोर वापरता येतात. दोराविना पिंजरेही आहेत: दोर आणि फुगा तळाशीच राहतात आणि मच्छीमाराने ध्वनीसंदेश दिला की वर येतात. ते महाग आहेत आणि तो भार एकट्या मच्छीमारावर टाकला तर विरोध होणारच. तो विरोध मला गैर वाटत नाही.

स्वतः जाऊन दोर कापायचा विचार करू नका. २०१७ मध्ये कॅनडात अशा कामात मुरलेला एक मच्छीमार, देवमासा मोकळा झाला त्याच क्षणी त्याच्या फटक्याने दगावला.

९. जहाज एवढं मोठं आणि गोंगाटी असतं. देवमासा बाजूला का होत नाही?

जहाजाचा आवाज मागच्या पंख्यापाशी होतो आणि पुढून येणाऱ्याला खुद्द जहाजाचं धूडच तो आवाज अडवतं. शिवाय समुद्र सगळीकडूनच गजबजलेला असतो, त्यात एक आवाज वेगळा काढणं कठीण. निळ्या देवमाशांचा मागोवा घेतला तेव्हा दिसलं की जहाज जवळ आलं तरी ते बाजूला पळत नाहीत, जिथे आहेत तिथेच सावकाश बुडी मारतात. लक्षावधी वर्षांत त्यांच्यावर वेगाने चाल करून येईल असं इतकं मोठं काही समुद्रात नव्हतंच.

इथे वेग हाच कळीचा मुद्दा आहे. १५ नॉटने धडक बसली तर देवमासा मरण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते, ९ नॉटच्या खाली ती २० टक्क्यांपर्यंत उतरते. म्हणून अमेरिकेने २००८ पासून राइट व्हेलच्या मार्गावर ठरावीक हंगामात मोठ्या जहाजांना १० नॉटची, म्हणजे ताशी साधारण साडेअठरा किलोमीटरची मर्यादा घातली. न्यूझीलंडच्या हौराकी आखातात २०१३ पासून जहाजं स्वेच्छेने वेग कमी करू लागली आणि तिथले ब्राइड्स व्हेलचे अपघाती मृत्यू जवळजवळ थांबले.

मार्ग हलवणं हा दुसरा उपाय. कॅनडाच्या फंडी उपसागरातला जहाजमार्ग २००३ मध्ये सरकवला गेला. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला निळे देवमासे आणि जगातल्या सर्वात वर्दळीच्या जहाजमार्गांपैकी एक अक्षरशः एकावर एक आहेत. तिथे २०२२ मध्ये एका बड्या कंपनीने आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. आधी एकाने पाऊल उचललं की बाकीच्यांची ‘अशक्य आहे’ ही सबब लंगडी पडते.

१०. पाण्यातला आवाज इतका त्रासदायक असतो का?

पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगाने, आणि फार दूर पोहोचतो. प्रकाश मात्र काहीशे मीटरमध्ये संपतो. त्यामुळे देवमाशांचं बघणं, बोलणं, वाट काढणं बरंचसं कानांवर चालतं. निळा आणि फिन व्हेल ज्या खालच्या पट्टीत एकमेकांना साद घालतात, त्याच पट्टीत मोठ्या जहाजांचा घरघराट असतो.

याचा पुरावा एका दुःखद योगायोगाने मिळाला. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाज वाहतूक थंडावली आणि फंडी उपसागरातला गोंगाट स्पष्टपणे उतरला. त्याच काळात संशोधक तिथल्या राइट व्हेलच्या विष्ठेचे नमुने गोळा करत होते. पुढे तपासणीत दिसलं की त्या दिवसांत ताणाशी संबंधित संप्रेरकं कमी झाली होती. असा प्रयोग मुद्दाम कुणी करू शकलं नसतं.

तेलाच्या शोधासाठी वापरल्या जाणाऱ्या एअरगनचा (दाबलेली हवा पाण्यात सोडणाऱ्या तोफांचा) मुद्दा निराळा. त्या दर १०-१५ सेकंदांनी स्फोटासारखा आवाज करतात आणि हे आठवडेच्या आठवडे चालू शकतं.

यात दिलासा एवढाच की आवाज साचून राहत नाही. प्लास्टिक शतकभर राहील, आवाज यंत्र बंद केल्या क्षणी संपतो.

११. सोनारमुळे देवमासे किनाऱ्यावर येऊन मरतात, ही अफवा आहे का?

काही जातींबाबत नाही. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर १७ देवमासे-डॉल्फिन किनाऱ्याला लागले, त्यांत बहुतेक चोच असलेल्या खोलबुड्या जाती होत्या. अमेरिकी नौदलाचा सोनार (पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणारं यंत्र) हे त्यामागचं सर्वात संभाव्य कारण असल्याचं नौदलाच्याच चौकशी अहवालाने मान्य केलं. हे प्राणी कमालीचे खोल आणि दीर्घ बुड्या मारतात. क्युव्हिए या जातीच्या एका बुडीची नोंद ३ तास ४२ मिनिटांची आहे. दचकून बुडीचा क्रम बिघडला की त्यांच्या ऊतींत वायूचे बुडबुडे तयार होत असावेत, खोल बुडी मारणाऱ्या माणसांना होतो तसा त्रास. कॅनरी बेटांजवळ २००४ मध्ये स्पेनने अशा सोनारला मनाई केली आणि तिथले सामूहिक मृत्यू थांबले.

पण किनाऱ्यावर आलेला प्रत्येक कळप सोनारमुळेच आला असं समजू नका. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या फेअरवेल स्पिटला ४०० हून अधिक पायलट व्हेल अडकले. तिथला उथळ, वाळूचा वक्र किनारा असे सापळे फार पूर्वीपासून लावतो. कळपाची घट्ट साथही जिवावर बेतते, कारण एक अडकला की बाकीचे त्याला सोडत नाहीत.

१२. पोटात किलोने प्लास्टिक सापडतं. त्यानेच मरतात का?

कधी त्याने, कधी नाही. २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या वाकाटोबीजवळ सापडलेल्या स्पर्म व्हेलच्या पोटात जवळपास ६ किलो प्लास्टिक होतं: ११५ पेले, दोन चपला, पिशव्या. मृतदेह इतका सडला होता की मृत्यूचं कारण ठामपणे सांगता आलं नाही. २०१९ मध्ये फिलिपिन्समधल्या क्युव्हिए देवमाशाच्या पोटात ४० किलो निघालं आणि तो त्यानेच मेला. खोल अंधारात प्रतिध्वनीवर शिकार करणाऱ्या जाती जास्त फसतात. फोटो भयंकर असतात, त्यामुळे याच धोक्याला सर्वाधिक प्रसिद्धी मिळते. मृत्यूंच्या संख्येत मात्र जाळी आणि दोर फार पुढे आहेत. टाकून दिलेली जाळीही शेवटी प्लास्टिकच, हे खरं.

१३. ज्या रसायनांवर बंदी आली, ती अजून कशी त्रास देतात?

पीसीबी ही विद्युत उपकरणांत वापरली जाणारी रसायनं. बहुतेक देशांनी ती बंद करून दशकं उलटली. पण ती सहज विघटित होत नाहीत, चरबीत साठतात आणि अन्नसाखळीत वर चढताना दाट होत जातात. ओर्का साखळीच्या टोकावर. मादीच्या अंगातला मोठा वाटा दुधावाटे पहिल्या पिल्लात उतरतो. २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर लुलू नावाने ओळखली जाणारी ओर्का मेलेली सापडली. तिच्या चरबीतलं पीसीबीचं प्रमाण आजवर ओर्कांमध्ये नोंदलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी होतं आणि वय वीस तरी असून तिला कधी पिल्लू झालेलं नव्हतं. तिच्या कळपातले आता दोन म्हातारे नरच दिसतात.

१४. समुद्र तापतोय, त्याचा काय संबंध?

अन्नाचा. २०१०च्या सुमारास अमेरिकेच्या मेन राज्यालगतच्या आखातातलं पाणी तापलं आणि राइट व्हेलचं अन्न, तांदळाच्या दाण्याएवढे कोपेपॉड, उत्तरेकडे सरकले. त्यामागोमाग देवमासे कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखातात गेले. तिथे वेगमर्यादा नव्हती, दोरांचे नियम नव्हते. २०१७ मध्ये कॅनडा आणि अमेरिका मिळून १७ राइट व्हेल मेले. संरक्षणाची रेघ नकाशावर आखलेली असते, देवमासा अन्नामागे जातो.

१५. देवमासे नसले तर समुद्राचं काय बिघडतं? आणि ‘एक देवमासा म्हणजे हजार झाडं’ हे खरं का?

देवमासे खोलवर खातात आणि विष्ठा पृष्ठभागाजवळ टाकतात. त्यातून लोह आणि नायट्रोजन उजेडाच्या थरात येतो, वनस्पती-प्लवंग (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) वाढतात आणि त्यांवर क्रिल जगतं. मेल्यावर धूड तळाशी जातं. तिथे सहसा फार थोडं अन्न पोहोचतं, त्यामुळे एका धुडावर दशकानुदशकं जीवांची वस्ती टिकते. हाडं खाणारे ओसेडॅक्स नावाचे किडे अशाच सांगाड्यावर सापडले आणि २००४ मध्ये त्यांची नोंद झाली.

झाडांची तुलना मात्र सावधपणे घ्या. मोठा देवमासा सरासरी ३३ टन कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवतो, हा आकडा २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अर्थतज्ज्ञांच्या लेखामुळे जगभर पसरला. परिणाम आहे, पण हवामानबदल आवरण्याइतका नाही, असं अनेक सागरशास्त्रज्ञ म्हणतात. देवमाशाला वाचवायला कार्बनचा भाव लावावा लागतो, याचंच मला जरा वाईट वाटतं.

१६. देवमासे वाढले तर आपल्या वाट्याचे मासे कमी होणार नाहीत का?

शिकारीची बाजू घेणारे हा मुद्दा नेहमी काढतात. तो खरा असता तर अंटार्क्टिकात देवमासे संपल्यावर क्रिलचा महापूर यायला हवा होता. तसं झालं नाही. खाणारे गेले तसं खतही गेलं (प्रश्न १५). शिवाय मोठ्या देवमाशांचं बरंचसं खाणं आपल्या ताटात येणारं नसतं. आपण त्यांच्या ताटात हात घालतो, हे मात्र खरं: अंटार्क्टिकात आज क्रिलची मासेमारी चालते, मत्स्यशेतीच्या खाद्यासाठी आणि तेलाच्या कॅप्सूलसाठी.

१७. हंपबॅक परत आले म्हणतात. मग संरक्षण कशाला?

परत आले, आणि ही आनंदाचीच गोष्ट. ब्राझीलकडच्या दक्षिण अटलांटिकमध्ये ते काही शेंवर उतरले होते, आता सुमारे २५,००० आहेत. ते संरक्षणामुळे झालं.

पण एकाच जातीची दोन टोकं पाहा. अरबी समुद्रातले हंपबॅक इतरांसारखे ध्रुवाकडे स्थलांतर करत नाहीत, वर्षभर इथेच राहतात, आणि ओमानजवळच्या अभ्यासानुसार शंभराहून कमी आहेत. जात ‘सुरक्षित’ झाली म्हणून हा कळप सुरक्षित होत नाही. आणि वाढलेली संख्या टिकेलच असंही नाही. उत्तर पॅसिफिकच्या पूर्व भागातले राखाडी देवमासे १९९४ मध्ये अमेरिकेच्या धोक्यातल्या यादीतून बाहेर पडले, २०१६च्या सुमारास २७,००० झाले आणि नंतर काही वर्षांतच जवळजवळ निम्म्यावर आले. आर्क्टिकमधलं त्यांचं अन्न घटल्याचा दाट संशय आहे.

१८. समुद्रातल्या पवनचक्क्या देवमाशांना मारतात का?

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हंपबॅक मेलेले सापडू लागले, तेव्हापासून हा प्रश्न वरचेवर येतो. ते असाधारण मृत्युसत्र जानेवारी २०१६ पासून मोजलं जातं, तेव्हा तिथे समुद्रात एकही पवनचक्की फिरत नव्हती. तपासलेल्या मृतदेहांपैकी सुमारे ४० टक्क्यांवर जहाजाच्या धडकेच्या किंवा दोरांच्या खुणा होत्या. पवनचक्क्यांशी संबंध जोडणारा पुरावा सापडलेला नाही. खांब ठोकताना होणारा आवाज मात्र त्रासदायक असतो. त्यासाठी भोवती बुडबुड्यांचा पडदा सोडतात, हंगाम पाळतात. या अटी सैल होऊ नयेत यासाठी भांडणं योग्यच.

१९. ‘व्हेलची उलटी’ सापडली तर विकता येते का? तिच्यासाठी देवमासे मारतात का?

ती उलटी नव्हे. अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात, माकूळसारख्या प्राण्यांच्या न पचलेल्या चोचींभोवती तयार होतं, तेही मोजक्याच देवमाशांत. ते तरंगत किनाऱ्याला येतं आणि अत्तरात गंध टिकवण्यासाठी वापरलं जायचं. आता कृत्रिम पर्याय आहे.

कायदा देशोदेशी वेगळा. भारत, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात व्यापाराला बंदी आहे, भारतात बाळगणंही गुन्हा ठरतो. काही देशांत वाहून आलेला तुकडा उचलता येतो. बंदी नसेल तर ‘सापडलं’ आणि ‘मारून काढलं’ यांतला फरक पोलिसांना कळणार कसा, हा बंदीमागचा विचार. कोटींच्या भावाच्या बातम्यांवर विसंबू नका, पकडलेला बराच माल मेणच निघतो.

२०. देवमासे बघायला जाणं चांगलं की वाईट?

नीट केलं तर चांगलं. जिवंत देवमासा मेलेल्यापेक्षा जास्त कमावून देतो हे दाखवणारा हाच धंदा: २००८ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी अशी सफर केली. बोट निवडताना विचारा की अंतराचा नियम काय आहे, इंजिन कधी मंद करता, एका वेळी किती बोटी थांबतात. ‘अगदी जवळ नेतो’ असं मिरवणारी बोट टाळा. पिल्लू आणि आई यांच्या मध्ये कधीच जायचं नसतं.

२१. किनाऱ्यावर जिवंत देवमासा दिसला तर काय करू?

आधी वन विभाग, मत्स्य विभाग किंवा तटरक्षक दल, जे जवळ असेल त्यांना कळवा. माणसं येईपर्यंत अंगावर ओली फडकी टाका, सावली करा, गर्दी आणि कुत्री लांब ठेवा. डोक्यावरचं श्वासरंध्र झाकू नका, त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. शेपटीला दोर बांधून ओढू नका, सांधे निखळतात. शेपटीजवळ उभंही राहू नका. उच्छ्वासातून जंतूसंसर्ग होऊ शकतो, म्हणून तोंड लांब ठेवा. घाईने परत लोटलेला आजारी प्राणी बहुधा पुन्हा किनाऱ्याला येतो. मोठा देवमासा वाळूवर स्वतःच्याच वजनाखाली दबून मरतो, त्यामुळे पशुवैद्यांना कधी कधी त्याला शांतपणे मरू देण्याचा निर्णय घ्यावा लागतो. तो पाहणं अवघड जातं.

२२. आणि मेलेला असेल तर? त्याचं काय करतात?

आधी शवविच्छेदन, कारण वरची अर्धी माहिती अशाच मृतदेहांतून मिळाली आहे. मग तो खोल पुरतात किंवा ओढून दूर समुद्रात नेतात, जिथे तो तळाशी जाऊन प्रश्न १५ मधली वस्ती वसवतो. आत वायू साठतो आणि धूड फुटू शकतं, म्हणून त्यावर चढून फोटो काढू नका.

सुरुंगाने उडवता येईल का, असंही दोघातिघांनी विचारलं आहे. तो प्रयोग होऊन गेला. नोव्हेंबर १९७० मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, फ्लोरेन्स गावाजवळ, अर्धा टन डायनामाइट लावून एक मेलेला स्पर्म व्हेल उडवला. उरलेलं समुद्रपक्षी खातील असा अंदाज होता. चरबीचे लगदे प्रेक्षकांवर बरसले, पाव मैलावर उभी असलेली एक मोटार चेपली आणि पक्षी आवाजाने पळून गेले. १९७९ मध्ये तिथेच ४१ स्पर्म व्हेल किनाऱ्याला लागले, तेव्हा डायनामाइटचं नावही न काढता ते जाळले आणि वाळूत पुरले.